नानासोमामा आणि पुण्याला गेलेल्या वळकट्या

आमच्या नानासोमामाला पूर्वी कोणी विचारलं की, "पोराला कॉम्प्युटरचा कुठला कोर्स लावू?" तर तो आधी खिशातलं पेन काढून कानामागं अडकवायचा आणि मग उलट विचारायचा, "तुमच्या गावातलं कोण वळकटी घिऊन पुण्याला गेलंय का?" माणूस बिचारा गोंधळून जायचा. कोर्सचा आणि वळकटीचा संबंध काय? मामाच्या डोक्यात मात्र तो संबंध पक्का होता. आज मामा माधवनगरच्या घरी आरामखुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतो, आणि मी पंचवीसएक वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरून आता केस रंगवायच्या वयाला आले. पण त्या वळकट्यांपायी माझ्या सगळ्या गणिताचे एकदा बारा वाजता वाजता राहिले होते, ते काही विसरता येत नाही. मी विसरणारी बाई नव्हेच.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एस.टी.त कंडक्टर. कित्येक वर्षं त्याच्याकडं एकच गाडी होती, सकाळची सांगली–सातारा. माधवनगर, पलूस, आमचं कुंडल, कराड असं करत साताऱ्याला जायची आणि दुपारी बाराला साताऱ्याहून निघून त्याच वाटेनं माघारी यायची. ड्रायव्हर धुळा, तोही गाडीइतकाच जुना. मामाच्या गाडीत बसलं की तिकीट फाडेपर्यंत तुमची सगळी कुंडली त्याला कळलेली असायची. पोरगी कितवीत, म्हैस व्याली का, सुनेचं माहेर कुठलं. याला नाक खुपसणं म्हणा नाहीतर माया म्हणा. मला तर त्याच्या गाडीची धास्तीच वाटायची. साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "काय गं पोरी, गणितात किती पडलं?"

एक गोष्ट मात्र त्याची कधी चुकली नाही. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा नियम त्यानं नोकरीतसुद्धा पाळला. जमलं तर डबा, नाहीतर सरळ उपाशी. धुळा त्याला चिडवायचा, "गड्या, सूर्यालाच एक बेल मार, थांबंल जरा."

चौऱ्याण्णव साली मी बारावी सायन्स पास झाले आणि घरात सल्ल्यांचा नुसता पाऊस पडला. चुलते म्हणाले डी.एड. कर, मास्तरीण होशील. शेजारची तानुबाई म्हणाली टायपिंग लाव, कोर्टात चिकटशील. मला कॉम्प्युटर शिकायचा होता. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. सांगलीच्या एका बँकेत काचेच्या खोलीत एक बाई बोटांनी टकटक करत बसलेली पाहिली होती, आणि मॅनेजर तिच्या खुर्चीमागं हात बांधून उभा होता, एवढंच. ते चित्र माझ्या डोक्यातून जाईना.

सांगलीत तेव्हा दोन वाटा होत्या. एक म्हणजे कॉलेजात नुकतंच निघालेलं बी.सी.एस., तीन वर्षं, डिग्री. दुसरी म्हणजे 'फ्यूचर व्हिजन' नावाच्या क्लासचा दीड वर्षाचा डिप्लोमा. त्या क्लासच्या सर्टिफिकेटावर सोनेरी शिक्का असायचा आणि जाहिरातीत टाय लावलेला तरुण आकाशाकडं बोट दाखवत असायचा. मला बी.सी.एस. करायचं होतं. तसं मी आप्पांना सांगितलंही.

आप्पा म्हणजे माझे वडील, रायगोंडा पाटील. द्राक्षबागेतला माणूस. बोलायचे कमी, पण बोलले की ते दगडावर कोरल्यासारखं असायचं. म्हणाले, "हे बघ पोरी, एकदाच. काय शिकायचं ते एकदा ठरीव. वाया गेलं तर दुसऱ्यांदा माझ्याकडं यायचं न्हाई. मग आमी स्थळं बघणार आन तू गप बोहल्यावर उभी ऱ्हाणार." आणि मग त्यांनीच जो घोळ घालायचा तो घातला. म्हणाले, "नानासोला इचारू. त्यो रोज जग बघतोय."

झालं! मामाला तेवढंच पाहिजे होतं. पुढच्या रविवारी स्वारी हजर. पेन कानामागं.

"दाजी, मी नुसतं बोलत न्हाई, बघून बोलतोय," मामा म्हणाला. "पलूसची, कुंडलची पोरं त्या फ्यूचरला चारच्या बॅचला माझ्याच परतीच्या गाडीनं पासवर जात्यात. कोर्स संपला की तीच पोरं सकाळच्या गाडीला वळकटी घिऊन उभी. साताऱ्याला उतरायचं, तितनं पुण्याची गाडी. दर म्हैन्याला कोण ना कोण जातंयच. आता मला सांगा, नोकरी लागल्याबिगर कोण वळकटी घिऊन जाईल व्हय?"

"आणि बी.सी.एस.चं?" मी विचारलं.

"एक पोरगं अजून वळकटी घिऊन गेलेलं न्हाई."

"अहो मामा, पहिली बॅचच अजून बाहेर पडलेली नाही! जाणार कोण?"

"मग ज्या रस्त्यानं अजून कोण गेलंच न्हाई, त्या रस्त्यानं तू कशाला पयल्यांदा जातीस?"

कपाळ माझं! आप्पांना हे बोलणं लगेच पटलं. बागायतदाराला दुसऱ्याच्या बागेत पीक दिसलं की पटतंच. माझं ते 'एकदाच' मामाच्या वळकटीत बांधलं गेलं, आणि मी 'फ्यूचर व्हिजन'ला नाव घातलं.

खोटं कशाला बोलू, क्लास मला आवडला. साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर तो होता. दारात चपला काढायच्या, पाय पुसायचे, मगच आत. आत इतका गारवा की भर दुपारीसुद्धा अंगावर काटा यायचा. प्रत्येक मशिनला शिवलेला झगा असायचा, आणि क्लास सुटला की तो झगा देवाच्या मूर्तीला घालावा तसा हळूच चढवायचा. एका मशिनवर दोघी. एकीनं दाबायचं, दुसरीनं बघायचं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत मी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं, प्रियदर्शनी रायगोंडा पाटील, तेव्हा मला रडूच आलं. शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, इंग्रजी स्पेलिंग चुकलंय." चुकू दे की! मी ते खोडलं नाही.

रोज दुपारी मी मामाच्याच गाडीनं जायचे. मामा माझ्या पासकडं न बघता साऱ्या गाडीला सांगायचा, "भाची हाय माझी. फ्यूचरला असती. दीड वर्सात हिची वळकटी बांधायची." म्हाताऱ्याकोताऱ्या माना हलवायच्या. मला लाज वाटायची, पण आतून गुदगुल्याही व्हायच्या.

दसरा झाला आणि एका कंडक्टरच्या घरी लग्न निघालं. त्याच्या बदली म्हणून मामाला आठवडाभर पुणे–सांगली गाडीवर धाडलं. ही गाडी सकाळी पुण्याहून निघायची. पुण्याहून येणारं माणूस मामाच्या नेहमीच्या गाडीला कधीच नसायचं. ते थेट गाडीनं नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं यायचं. म्हणजे इतकी वर्षं मामानं फक्त जाणारे बघितले होते. येणारे त्याला दिसलेच नव्हते.

पहिल्याच दिवशी स्वारगेटला पलूसचा जोतीराम गाडीत चढला. मार्चमध्ये मामानंच त्याची वळकटी साताऱ्यापर्यंत नेली होती. आता तीच वळकटी त्याच्या खांद्यावर होती. मामाला वाटलं, सुट्टीला निघाला असेल. पण सुट्टीला निघालेला माणूस अंथरूण कशाला आणेल?

"काय रं जोतीराम, नोकरी?" मामानं विचारलं.

"कसली नोकरी, नानासो," जोतीराम म्हणाला. "तितं आमचं सर्टिफिकेट कोण हातात बी घेत न्हाई. डिग्री कंची ते आदी इचारत्यात. शिक्का बघून एक साहेब तर हसलाच."

"मग तुमी सगळी जात हुता ती?"

"नोकरी हुडकाय जात हुतो. लागली म्हणून कोण म्हणलं?"

"मला कोनीच सांगितलं न्हाई रं."

"तुमी इचारलं कुठं? तुमी वळकटीकडं बघितलं आन 'शाब्बास गड्या' म्हणला. त्यावर आमी काय बोलायचं?"

आठवडाभरात मामाला अशा आणखी वळकट्या दिसल्या. कुंडलचा एक, ताकारीचा एक. मामा प्रत्येकाजवळ बसून विचारत होता आणि प्रत्येकाचं उत्तर तेच होतं.

आपल्या गाडीवर परत आला त्या दिवशी त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. आमच्या बोळाच्या तोंडाला, जिथं थांबा नाही तिथं, गाडी थांबवली. मी डबा घेऊन क्लासला निघालेच होते. मामा खांद्याला तिकिटाची पेटी तशीच अडकवून बोळातून पळत आला. मागं गाडीतली माणसं ओरडत होती, धुळा हॉर्न मारत होता.

"पोरी, जाऊ नगंस. त्यो क्लास बोगस हाय," मामा म्हणाला, आणि दारातच जोतीरामची सगळी हकिकत सांगितली. बोलताना त्याच्या मानेवरून घाम वाहत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला डबा मी जमिनीवर आपटला. "मी सांगत होते ना! सांगत होते की नाही? वळकट्या बघून कोण कोर्स ठरवतं का?" आई "अगं, अगं" करत राहिली. आप्पा ओट्यावरून उठले, गांडूळखताची पाटी बाजूला ठेवली आणि एवढंच म्हणाले, "झालं तर मग. एकदाच म्हणलं हुतं. दिवाळी झाली की इचलकरंजीची माणसं बघाय येत्यात, त्यास्नी व्हय म्हणून कळवतो." मामानं तोंड उघडलं, पण बोळातून हॉर्न वाजला आणि तो तसाच गेला.

त्यानंतर मी मामाशी बोलले नाही. रात्रंदिवस एकच डोक्यात होतं, माझं कॉम्प्युटरचं आता संपलं. हिरव्या अक्षरातलं नाव आठवलं की मी ते बोटानं मांडीवर गिरवत बसायचे. इचलकरंजीच्या मुलाचा फोटो आईनं कपाटात ठेवला होता, तो मी बघितलासुद्धा नाही.

भाऊबीजेला मामा आला. दुपार कलली होती. आईनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, ओवाळलं. मामानं ताटात साडी ठेवली. श्रीखंडपुरीचं ताट तयारच होतं. आई म्हणाली, "ऊठ नानासो, हात धू. दिस मावळायच्या आत जेवून घे."

मामा उठेना. "आक्का, दाजीस्नी बोलीव."

आप्पा आले. "काय पावणं?"

"दाजी," मामा पाटावरूनच म्हणाला, "तुमी पोरीला एकदाच म्हणला हुता. पर ते एकदा तिनं वापरलंच न्हाई. मी वापरलं. तिला बी.सी.एस. करायचं हुतं, तुमास्नी ठावं हाय. माझी चूक माझ्या नावावर टाका. तिचं एकदा तिला परत द्या."

"मी इचलकरंजीला सांगून बसलोय," आप्पा म्हणाले.

"मग मी बी बसतो हितंच."

आणि बसला की हो! मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, खाकी नसलेल्या दिवशीही कंडक्टरच्या ताठ पाठीनं. आप्पा अंगणात गेले. परसातल्या शेवग्याच्या शेंड्यावरचं ऊन पिवळं झालं. आई ताट घेऊन उभी. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, एकदा ऊन गेलं की हा माणूस आज पाण्याचा थेंब घेणार नाही. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या दारातून उपाशी जाणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बाईला सांगावं लागत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इतके दिवस त्याच्यावर चिडून होते, पण त्याची ती मान खाली घातलेली बसण्याची रीत बघितली आणि माझा राग कुठल्याकुठं गेला.

आई आयुष्यात पहिल्यांदा आप्पांवर ओरडली. "आवं, काय दगड हाय का काय तुमी? माझा भाऊ उपाशी चाललाय! बोला की कायतरी!"

आप्पा दारात येऊन उभे राहिले. "तीन वर्सं रोज कुंडलातनं जाऊन अभ्यास व्हतोय व्हय?"

"माझ्या घरात ऱ्हाईल," मामा म्हणाला.

"आन परत तुजा सल्ला चुकला तर?"

"परत सल्लाच देणार न्हाई. देवाशपत."

आप्पांनी शेवग्याकडं बघितलं. शेंड्यावर हातभर ऊन उरलं होतं. "गुणमाला, वाढ त्येला," ते आईला म्हणाले. "इचलकरंजीला मी सांगतो काय सांगायचं ते."

मामा घाईघाईनं चार घास जेवला, पाणी प्यायला, आणि मग पाटावर बसूनच ढसाढसा रडला. मीही रडले. आप्पा बागेकडं निघून गेले.

पुढच्या जूनमध्ये मी बी.सी.एस.ला गेले. माधवनगरात मामाच्या घरी तीन वर्षं राहिले. मामीच्या हातची भाकरी, संध्याकाळी दिवे लागायच्या आत उरकलेली जेवणं, जेवण झाल्यावर गच्चीवर सी लँग्वेजची पाठांतरं. मामी म्हणायची, "ही पोथी कंच्या देवाची गं?" काय ते दिवस होते! आज माझ्याकडं सगळं आहे, पण त्या गच्चीवरचा वारा नाही.

मामानं शपथ पाळली. कोणी कितीही विचारलं तरी कोर्सबद्दल एक शब्द काढायचा नाही. "माझ्याकडं तिकीट मिळंल, सल्ला न्हाई," म्हणायचा. त्याच्यासारख्या बोलक्या माणसाला हे किती जड गेलं असेल, मला रोज दिसत होतं. कोणी विचारलं की पेनाकडं हात जायचा आणि परत यायचा.

शेवटच्या वर्षाला कॉलेजात सर्टिफिकेशनचं वारं आलं. कोण म्हणे नेटवर्किंगची परीक्षा दे, कोण म्हणे ओरॅकल, कोण म्हणे व्हिज्युअल बेसिक. प्रत्येक क्लासच्या पाटीवर तोच टायवाला, फक्त टायचा रंग वेगळा. माझी पुन्हा तीच गत. मामाला विचारलं तर तो गप्प. पण रविवारी म्हणाला, "चल, स्टँडवर जाऊन येऊ."

सांगलीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. पोरं उतरत होती. मामा खांबाला टेकून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "त्यो निळ्या शर्टवाला बघ. हातात नुसती पिशवी हाय. वळकटी न्हाई. त्याला इचार. त्याच्या मागचा नगं."

"मामा, हा सल्ला झाला."

"सल्ला कुठला? मी फकस्त वळकटी दावतोय."

असे आम्ही बरेच रविवार स्टँडवर काढले. वळकटीशिवाय येणाऱ्या पोरांना मी विचारायचे, पुण्यात कुठं असता, काय येतं म्हणून नोकरीत घेतलं, मुलाखतीत काय विचारलं. त्यांचं सगळ्यांचं थोड्याफार फरकानं एकच म्हणणं होतं. डिग्री आधी पुरी कर. एक भाषा आणि डेटाबेसचं काम हातात पक्कं बसू दे. परीक्षा एकच दे, जी खरंच अभ्यास करून पास होता येईल ती. शिक्क्यांची माळ घालून गेलीस तर दुसरा प्रश्न विचारतील तेव्हा तोंडघशी पडशील. मी ओरॅकलचा एक कोर्स केला. बाकी सगळ्यांना हात जोडले.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं मला घेतलं. ज्या सकाळी मी निघाले, तेव्हा कुंडलहून मामाचीच गाडी होती. मामानं माझी वळकटी उचलून टपावर न टाकता आपल्या सीटखाली ठेवली. वळकटी घेऊन जाणाऱ्याला त्यानं आता 'शाब्बास' म्हणायचं सोडलं होतं. मी गाडी बदलली तेव्हा मागं वळून बघितलं. तो स्टँडवर तसाच उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत मला सरळ सरळ भीती दिसली.

पुण्यातले ते पहिले महिने कसे गेले ते माझं मलाच माहीत. पण टिकले. दिवाळीला घरी यायचं ठरलं तेव्हा कंपनीतल्या मुली म्हणाल्या, थेट सांगली गाडी आहे, आरामात ये. मी म्हटलं, नाही. मी पहाटेच निघाले, साताऱ्याला उतरले आणि स्टँडवर बाराच्या गाडीची वाट बघत बसले. त्याच्या गाडीला पुण्याहून येणारं माणूस कधी नसतं ना, म्हणून.

गाडी भरली. मामा पुढून तिकिटं देत देत आला. "कुठलं? कुठलं?"

"एक कुंडल," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग सीटखाली, मग वरच्या फळीवर.

"वळकटी?" त्याच्या तोंडून एवढाच शब्द निघाला.

"तिथंच आहे मामा. सुट्टी संपली की परत जायचंय."

मामानं तिकीट फाडलं, माझ्या हातात दिलं. मग वळून त्यानं घंटीची दोरी ओढली, एकदा, दोनदा, आणि पुढं धुळ्याला, मधल्या साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाला, "धुळ्या, हळू चालीव गड्या! भाची हाय माझी. हिची वळकटी पुण्यातच हाय!"